दर्भासाठी राखलेला तुकडा

कायद्याची स्वच्छ प्रत माझ्या हातची होती. खर्डा मोडीत होता, त्यात खाडाखोड फार होती, म्हणून तो बाळबोधीत उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. नोकरी लागून मला दोन वर्षंही झाली नव्हती. अक्षर चांगलं होतं, एवढीच माझी लायकी.

देवासात तेव्हा दोन राज्यं होती, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. थोरली पाती आणि धाकटी पाती. गाद्या दोन, कचेऱ्या दोन, गाव एकच. रस्त्याची एक बाजू एका पातीची, समोरची दुसरीची. खेड्यांतही तोच प्रकार; ओढ्याच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. मी कोणत्या पातीचा नोकर होतो ते इथे सांगत नाही. कायदा आमच्या पातीने केला आणि पलीकडच्या पातीने केला नाही, एवढं पुरे.

कायदा कांसाविरुद्ध होता. कांस हे उंच वाढणारं गवत. पावसाळा सरता सरता त्याला पांढरे तुरे येतात आणि लांबून पाहणाऱ्याला शेत छान दिसतं. खाली मात्र त्याचं मूळ काळ्या मातीत कमरेइतकं खोल जातं, आडवं पसरतं, आणि बोटभर तुकडा जरी आत राहिला तरी पुढच्या पावसात फुटतो. बखर, म्हणजे आपला वखर, त्यावरून घसरतो. संवत छप्पनच्या दुष्काळाआधी माळव्यात हे गवत ओढ्यांच्या काठाने, पडीत जागी असे. दुष्काळात माणसं गेली, बैल गेले, शेतं दोन-तीन वर्षं नांगराशिवाय राहिली, आणि त्यांत कांस शिरला. वाचलेले लोक परत आले तेव्हा कोणाचं शेत कुठून सुरू होतं हे पटवाऱ्यालाही सांगता येईना.

कायद्यात सांगण्यासारखं एवढंच होतं. प्रत्येक खातेदाराने ज्येष्ठ संपण्याच्या आत आपल्या शेतातला कांस मुळासकट खणून जाळावा. दसऱ्यानंतर अमीन, म्हणजे त्या भागाचा वसुली अंमलदार, फिरून पाहणी करील. उभा तुरा दिसला तर पहिल्या वर्षी तोंडी ताकीद, दुसऱ्या वर्षी लेखी. तिसऱ्या वर्षी शेत काढून घ्यावं आणि लगतच्या खातेदारांपैकी जो ते साफ ठेवण्याची हमी देईल त्याच्या नावे करावं. हा कायदा वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. त्याशिवाय ती जमीन हाती येणार नव्हती.

माझे वडील त्याच कचेरीत सरिश्तेदार होते, म्हणजे सगळ्या कारकुनांच्या वर. घरी आम्ही त्यांना दादा म्हणत असू. कचेरीत मी त्यांना काहीच म्हणत नसे.

प्रत पक्की करण्याआधी ती दादांसमोर आणि अमिनांसमोर वाचायची होती. अमीन आमच्यासारखेच दखनी, पण थट्टेखोर. तपकीर ओढत आणि दुसऱ्याच्या पंच्याने नाक पुसत. मी कलमं वाचत गेलो. तिसऱ्या कलमावर दादांनी हात वर केला.

"दर्भाचं काय?"

"दर्भ कुठे आला यात?" अमीन म्हणाले. "आपण कांसाबद्दल बोलतोय."

"आपल्या भागात खरा दर्भ उगवतो का? श्राद्धाला आपण काय वापरतो ते सांगा."

अमिनांनी डबी मिटली. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. खरा दर्भ या काळ्या मातीत मिळत नसे. दर्भ नसेल तिथे काश चालतो असा आधार होता, आणि काश म्हणजे हाच कांस. आमच्या घरांतल्या तीन-चार पिढ्या त्याचीच पवित्रकं बोटांत घालून पितरांना पाणी देत आल्या होत्या. घरात त्याला कोणी कांस म्हणत नसे. शेतात असला की कांस, जुडी बांधून माळ्यावर ठेवला की दर्भ.

"म्हणजे बैलाला जो नको तो पितरांना हवा," अमीन म्हणाले.

"थट्टा नको."

"थट्टा नाही, सरिश्तेदार. तजवीज करतोय. एक कलम वाढवा आणि मोकळे व्हा."

दादांनी तोंडाने सांगितलं आणि मी लिहिलं: धर्मकृत्यांस लागणाऱ्या दर्भासाठी राखलेला तुकडा, मालकाचा अर्ज आल्यास, या कायद्यातून वगळावा.

मी विचारलं, "तुकडा केवढा, हे घालायचं का?"

"पितरांना माप लावतोस?" दादा म्हणाले.

"नकोच घालू," अमीन म्हणाले. "माप घातलंस की ते मोजायला उन्हातून मलाच जावं लागेल."

मी माप घातलं नाही. प्रत वर गेली, शिक्का होऊन परत आली, आणि चावडीचावडीवर दवंडी पिटली गेली. दवंडीत दर्भाचं कलम नव्हतं. ते ज्यांच्या कामाचं होतं त्यांना ते वाचता येत होतं.

आमचं इनाम पीपलरावां गावाच्या वाटेवर एका खेड्यात होतं. जमीन वाट्याने दिलेली असे. श्रावणातल्या अमावास्येला दादा न चुकता तिथे जात. आमच्या पंचांगाने ती श्रावण वद्य अमावास्या, गावच्या माळवी लोकांची भादो बदी अमावस; दिवस एकच. त्या दिवशी पूर्वेकडे तोंड करून काढलेला दर्भ वर्षभर शिळा होत नाही. घरापुरत्या तीन जुड्या निघत, शिवाय एक धारेला जाई. तिथे माझी थोरली बहीण दिलेली होती. धारेला काही दर्भ मिळत नसे असं नाही, पण व्याह्यांनी एकदा आमची जुडी वाखाणली होती आणि दादा ते विसरले नव्हते.

पहिल्या वर्षीच्या अर्जात दादांनी इनामाचा वरचा कोपरा राखीव दाखवला. दुसऱ्या वर्षी वाटेकरी म्हणाला की कोपऱ्याचा कांस खाली उतरला आहे आणि खणायला माणसं नाहीत. दादांनी अर्ज सुधारला. आता वरचा सगळा पट्टा राखीव झाला. त्यांना यात काही वावगं दिसलं नाही. ते खोटं बोलत नव्हते; गवत तेच होतं आणि कामही तेच होतं. त्याच वर्षी बहुतेक दखनी इनामदारांचे अर्ज आले. सगळ्यांचा मजकूर एक होता, कारण नमुना मी करून दिला होता.

आमच्या पट्ट्याच्या खाली, नैऋत्येला, खाती या शेतकरी जातीतल्या एका विधवेचं शेत होतं आणि त्याच्या खाली ओढा. ओढ्यापलीकडे दुसरी पाती. गावात तिला लहानथोर सगळे जीजी म्हणत. छप्पनमध्ये तिचा नवरा आणि एकुलता मुलगा गेले. गाव उठून खाली सतवासकडे गेलं तेव्हा ती गेली नाही. शेताच्या बांधावर छपरी घालून ती आणि तिची सून राहिल्या. काय खाऊन राहिल्या ते ती सांगत नसे. पुढे लोक परतले तेव्हा गावात बखर फिरलेलं एकच शेत होतं आणि ते तिचं होतं. बाकीची तिची जमीन हातची गेली होती. हे राहिलं तर ती खातेदार, गेलं तर दुसऱ्याच्या बांधावरची मजूर, हे तिला माहीत होतं आणि ती ते उघड बोलत असे.

तिने कायदा पाळला. वैशाखात माती तडकली की ती आणि सून कुदळीसारखी गैंती घेऊन भेगांमधून मुळं उपसत. बाहेर काढलेली मुळं दोघी बांधावर वाळवत आणि जाळत. कांस परत आला. पहिल्या दसऱ्याला तिला तोंडी ताकीद मिळाली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिने आमच्या पट्ट्याच्या कडेने कमरेइतका चर खणला. चराने मूळ अडलं. वारा अडला नाही. आश्विनात तुरे फुटले की कापसासारखं बी उडे आणि तिच्या ज्वारीत जाऊन बसे. दुसऱ्या दसऱ्याला तिला लेखी ताकीद मिळाली. ती मी लिहिली होती.

तिसऱ्या वर्षी अमावास्येला आम्ही दमणीतून खेड्यात गेलो. दादांनी दर्भ काढला, मी जुड्या बांधल्या. जीजी बांधावर येऊन उभी होती, मागे सून. आमचा विधी होईपर्यंत ती थांबली. ती माळवीत बोलत होती. मी मराठीत देतो.

"झालं का, पंडतजी?"

"झालं," दादा म्हणाले.

"किती घेतला?"

दादांनी जुड्या दाखवल्या. "वर्षाचा."

"एवढ्यात वर्ष निघतं?"

"निघतं. आजचा वर्षभर चालतो."

तिने आमच्या पट्ट्याकडे पाहिलं. कांस तिच्या खांद्याला लागत होता. "मग हा बाकीचा कोणासाठी उभा ठेवलाय?"

"राखीव आहे तो. सरकारात नोंद आहे."

"नोंद माझीही आहे, पंडतजी. दोनदा झाली. दसऱ्यानंतर तिसरी होईल." ती जरा पुढे आली. "एवढंच करा. तुरा फुटायच्या आधी वरच्यावर कापून टाका. मूळ राहू द्या तुमच्या पितरांसाठी. कापायला मी येते, सून येते. मजुरी नको."

दादांनी विचार केला. मी त्यांच्या शेजारी होतो आणि ते विचार करत आहेत हे मला दिसलं. मग ते म्हणाले, "आज काढल्यावर उरलेल्याला लोखंड लावत नाहीत."

"कोण लावत नाही?"

"आमच्यात."

"तुमच्यात शेती किती जण करतात?"

सुनेने तोंडाला पदर लावला. दादांना ते दिसलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण ते जुड्या उचलून चालू लागले. "जीजी, ते पितरांचं आहे."

"मग पितरांना सांगा, आपल्या हद्दीत राहा. माझ्या सासऱ्यालाही आम्हीच पाणी देतो. म्हातारा तापट होता, पण दुसऱ्याच्या शेतात त्याने कधी पाय टाकला नाही."

मी मागे राहिलो होतो. ती माझ्याकडे वळली. "भिया, तू तर कचेरीत लिहितोस. तू सांग ना त्यांना."

मी म्हणालो, "बघतो."

परतताना दमणीत मी विषय काढला. कापून टाकायला काय हरकत आहे, असं विचारलं. दादा बैलांकडे पाहत म्हणाले,

"आपणच कापलं की उद्या कोणी म्हणेल, कापायचंच होतं तर राखलं कशाला? मग सगळ्यांचेच अर्ज उघडतील."

लोखंड न लावण्याच्या नियमाबद्दल मी पुढे तीन जाणत्या भिक्षुकांना विचारलं. असा नियम कोणालाही माहीत नव्हता.

इथे कचेरीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं तिच्यावर ठरलं. तिसऱ्या वेळचा पंचनामा पातीच्या मुख्य कारभाऱ्यांपुढे जाई. कांस कुठून आला हे कायदा विचारत नव्हता, पण कारभारी विचारत. लगतच्या आपल्याच पातीतल्या जमिनीतून आला असं पंचनाम्यात असेल तर ते कागद परत पाठवत, एक वर्षाची मुदत देत आणि शेजाऱ्याला समज देत. अशी प्रकरणं परत आलेली मी पाहिली होती. कांस पलीकडच्या पातीतून आला असं लिहिलेलं असेल तर मात्र त्यांचा इलाज नसे. दुसऱ्या राज्याला समज कोण देणार? अशा कागदावर ते सरळ हुकूम करत. तेव्हा जीजीचं शेत राहणार की जाणार हे एका ओळीवर होतं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी अमीन, पटवारी आणि मी तिच्या शेतात उभे होतो. सकाळ होती. ज्वारी कणसावर आली होती, स्वच्छ, ओळीने. आमच्या बाजूच्या कडेला, चर ओलांडून, कांसाचे थोडे तुरे वर आले होते. मोजता येतील इतके. वर आमचा पट्टा पांढरा शुभ्र होता.

जीजी म्हणाली, "साहेब, हे इथले नाहीत. वर बघा."

अमीन बांध चढून आमच्या पट्ट्यात गेले. त्यांनी एक तुरा मोडला, तळव्यावर चोळला आणि हात उघडला. बी उडालं, चरावरून गेलं आणि खाली ज्वारीत शिरलं. थोडं जीजीच्या लुगड्याला चिकटलं. तिने ते झटकलं नाही.

"दिसलं?" ती म्हणाली.

अमिनांनी हात झटकले. "वारा कुठला आहे रे?" त्यांनी पटवाऱ्याला विचारलं.

पटवारी जुना होता. "साहेब लिहितील तो," तो म्हणाला.

अमीन हसले आणि मला मराठीत म्हणाले, "लिही. ओढ्यापलीकडे दुसऱ्या पातीची जमीन आहे, तिथे कांस फार माजला आहे, तिकडून वाऱ्याने बी येतं. खातेदारणीने खटपट केलेली दिसते, तथापि तुरे उभे आहेत."

मी म्हणालो, "वारा तर वरून..."

"वारा फिरतो." त्यांनी डबी काढली. "हे बघ. तुमच्या तुकड्याचं नाव घातलं तर कागद जाणार कोणाच्या हातातून? तुझ्या वडिलांच्या. त्यांनी स्वतःला समज द्यावी असा कागद स्वतःच वर पाठवायचा? त्यांना त्या पेचात घालू नये. पलीकडच्या पातीवर घातलं म्हणजे कोणाचंच काही बिघडत नाही."

जीजीचं बिघडत होतं. ते मी बोललो नाही. ओढ्यापलीकडे खरंच कांस होता. पण तो आमच्या नैऋत्येला, आणि वारा ईशान्येचा. तसा तो दसऱ्यानंतर रोजच असतो; गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. मी बांधावर बसून मांडीवर लिहायची फळी घेतली आणि अमिनांनी सांगितलं ते लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

अंगठा घ्यायच्या वेळी जीजीने विचारलं, "कई लिख्यो, भिया?"

"दिसलं ते लिहिलं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग अंगठा पुढे केला. शाई मीच लावली.

हुकूम दिवाळीनंतर झाला. ज्वारी तिला काढू दिली गेली, तेवढी सवलत होती. लगतचे खातेदार दोन. एक ओढ्याच्या कडेचा, त्याने हमी द्यायला नकार दिला; म्हणाला, बाईला जमलं नाही ते मला काय जमणार. दुसरे दादा. त्यांचा अर्ज मी लिहिला. शेत साफ ठेवण्याची हमी त्यात होती. दादांना ते शेत हवंच होतं असं मला वाटत नाही. कोणीतरी घ्यायला हवं होतं, ते लगतचे होते आणि नको म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिथे कोणी खणलं नाही. पावसाळ्यात वाटेकऱ्याने वरवर बखर फिरवला, तो निम्म्या शेतात अडला. आश्विनात ते शेत वरच्या पट्ट्यासारखंच पांढरं झालं. दसरा जवळ आला तसा हमीचा प्रश्न उभा राहिला. अमिनांनी तोडगा सुचवला आणि दादांनी अर्ज केला. जीजीच्या शेताचीही दर्भासाठी राखीव अशी नोंद झाली.

त्या सालच्या कचेरीच्या अहवालाचा खर्डाही माझ्याकडे होता. राखीव जमीन तपासणीत धरत नसत, त्यामुळे कांस असलेल्या शेतांची संख्या घटली होती. मी लिहिलं की कायद्याचा परिणाम दिसू लागला असून कांसाचा उपद्रव कमी झाला आहे. वाक्य कोणीही बदललं नाही.

सून सतवासकडे माहेरी गेली. जीजी गावातच राहिली. छपरं शाकारायला आणि दोर वळायला कांस लागतो. ती तो मजुरीवर कापू लागली. पुष्कळदा आमच्याच जमिनीतला. लोखंड लावायला आता कोणाची हरकत नव्हती. अमावास्येला दादांच्या गुडघ्यांना बांध चढवेना तेव्हा त्या म्हणाल तितका दर्भ काढून ठेवू लागल्या... इथे मी पहिल्यांदा तिला अहोजाहो लिहिलं. तसंच राहू देतो. तोंडावर कधी म्हटलं नाही.

मी नोकरी सोडली आणि इंदुरास एका वर्तमानपत्रात लागलो. तिथे पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं, "ऐकलं ते लिहू नका, पाहिलं ते लिहा." मी मान हलवली. हेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत मी एकदा वापरलं होतं.

दादा गेले ते पौषात. पुढच्या श्रावणात, त्यांच्या वर्षश्राद्धाच्या तयारीसाठी, मी खेड्यात गेलो. नवे कारभारी आले होते. कायदा रद्द झाला नव्हता, फक्त कोणी तपासायला जात नव्हतं. जाण्याआधी मी जुन्या कचेरीत ओळखीच्या कारकुनाकडून त्या पंचनाम्याची नक्कल करून घेतली. शेत परत देण्याची काही वाट आहे का, असं विचारलं. त्याने कायदा काढून पाहिला. माझ्याच अक्षरातला. काढून घेण्याचं कलम होतं, परत देण्याचं नव्हतं.

जीजी जुड्या बांधून बसली होती. केस पिकले होते, हात तेच. मी तिला सांगितलं की शेत तिने कसावं. नाव आमचं राहील, पीक सगळं तिचं. मी खणून देतो.

"कोण खणणार? तू?"

"माणसं लावतो."

"तीन उन्हाळे मी खणलं," ती म्हणाली. "तेव्हा शेत माझं होतं. आता तुझं मी कशाला खणू?"

जुडीला गाठ मारून तिने विचारलं, "त्या दिवशीचा कागद आहे?"

मी खिशातून काढला.

"वाच. तेव्हा वाचला नव्हतास."

मी तो तिच्या बोलीत वाचून दाखवला. तिने जुडी बाजूला ठेवून ऐकला. ओढ्याची ओळ आली तेव्हा तिने बोट वर केलं. "हे परत वाच."

मी परत वाचलं.

"ओढ्याकडून," ती म्हणाली. ओढा तिच्या डाव्या हाताला होता. तिने तिकडे पाहिलं, मग उजवीकडे वरच्या पट्ट्याकडे. "आणि तू म्हणालास, दिसलं ते लिहिलं."

"हो."

"वारा कुठला होता, भिया?"

"वरचा. आमच्या पट्ट्यावरून तुझ्या शेताकडे."

"मग तसं लिही."

मी तिला समजावलं की कागदावर शिक्का झालेला आहे, हुकूम झालेला आहे, आता त्यात एक अक्षर घालता येत नाही. आणि घातलं तरी शेत मिळणार नाही.

"शेत मागितलं का मी?" ती म्हणाली. "लिही म्हटलं."

माझ्याजवळ तेव्हा दौत-लेखणी नव्हती. मी म्हणालो, लिहीन. तिने चार जुड्या माझ्या हातात दिल्या आणि मजुरी सांगितली. सांगितली तेवढीच घेतली. श्राद्धाला मी तिच्या शेतातलं पवित्रक बोटात घालून बसलो. भिक्षुक म्हणाले, दर्भ उत्तम आहे, लांब आणि सरळ, हल्ली असा मिळत नाही.

जीजी चार वर्षांनी गेली. मी दिलेला शब्द तोवर पाळला नव्हता. दसऱ्यानंतरच्या चौथ्या दिवशी, सकाळी, त्या शेतात वारा ईशान्येचा होता. बी आमच्या तुकड्यातून येत होतं. तिथे उभ्या असलेल्या चौघांनीही ते पाहिलं.